खेडचा पाहुणा, केपटाउनचा पासपोर्ट

डिसेंबर उजाडला की खेडच्या बाजारपेठेत काही कुटुंबं ओळखू येतात. आजी ठसक्यात कोकणी बोलत मासळीचा भाव पाडत असते, मुलाला ती भाषा कळते पण बोलता येत नाही आणि नातवंडांचं आपसातलं बोलणं इंग्रजीत चालतं, मधेच आफ्रिकान्सचा एखादा शब्द येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यातही खेड-दापोली पट्ट्यातली कोकणी मुसलमान माणसं पोटासाठी केपटाउनला जात राहिली. त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. गावाच्या लेखी ती आपली पोरं आहेत. भारत सरकारच्या लेखी ती दक्षिण आफ्रिकेची नागरिक, म्हणजे परदेशी.

परदेशी म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या या नातवाला एकामागून एक तीन टेबलं ओलांडावी लागतात आणि प्रत्येक टेबल त्याला वेगळं काहीतरी समजतं. इमिग्रेशन फक्त पासपोर्ट बघतं: आजोबा खेडचे असोत की खार्टूमचे, तिथे काही फरक पडत नाही. कस्टम उलट विचारतं की तुझं मूळ कुठलं, राहतोस कुठे आणि बॅगेत काय आहे. गावी पोचल्यावर पोलीस ठाण्याला तो रात्री कुणाच्या घरी झोपतो यात रस असतो. एवढं ध्यानात ठेवलं की पाहुण्यांच्या बाबतीत होणारे निम्मे घोळ टळतात.

पहिलं टेबल व्हिसाचं. दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, अमेरिका अशा बहुतेक देशांच्या नागरिकांना आता दूतावासात हेलपाटे घालावे लागत नाहीत. नोव्हेंबर २०१४ पासून भारताचा पर्यटन व्हिसा ऑनलाइन मिळतो. तीस दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असे त्याचे प्रकार आहेत आणि नातेवाइकांना भेटायला येणं या व्हिसात बसतं. पाच वर्षांचा व्हिसा आहे म्हणजे पाच वर्षं मुक्काम ठोकता येईल, असं मात्र नाही. बहुतेकांना एका वेळी सलग नव्वद दिवसच राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना ही मर्यादा एकशेऐंशी दिवसांची आहे. अर्ज निदान चार दिवस आधी करावा लागतो, नामंजूर झाला तर फी परत मिळत नाही आणि ई-व्हिसावर भारतात उतरायचं ते ठरलेल्या विमानतळांवर आणि बंदरांवरच. मुंबई आणि गोवा दोन्ही त्या यादीत आहेत, त्यामुळे खेडच्या पाहुण्याची अडचण होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशाने विमानात मिळणाऱ्या कागदी फॉर्मऐवजी ई-आगमन कार्ड प्रवासाआधीच्या बहात्तर तासांत ऑनलाइन भरायचं आहे. ते फुकट असतं. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची, सरकारची नव्हेत.

व्हिसाच्या प्रकाराबाबत हयगय करू नये. पर्यटन व्हिसावर दर्ग्यावर जाता येतं, मशिदीत नमाज पढता येते, देवळात दर्शन घेता येतं, लग्नात जेवता येतं. धर्मप्रचार करत गावोगाव हिंडता येत नाही. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र बसवायला आलेल्या परदेशी तंत्रज्ञालाही पर्यटन व्हिसा चालत नाही, त्याला कामाच्या स्वरूपाप्रमाणे बिझनेस किंवा एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चार जुन्या कायद्यांच्या जागी एकच इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. मुदत संपूनही राहिल्यास किंवा व्हिसाच्या अटी मोडल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'दोनचार दिवसांनी काय होतंय' हा आपला लाडका युक्तिवाद तिथे चालत नाही.

केनिया, इथिओपिया, युगांडा अशा पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांना आणखी एक कागद लागतो, पिवळं लसीकरण कार्ड. लस टोचून किमान दहा दिवस झालेले असावे लागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं, मग पासपोर्ट भारतीय असला तरी. लग्नासाठी म्हणून निघालेला माणूस लग्न उरकल्यावर बाहेर पडू शकतो.

हे सगळं आज जाचक वाटत असेल, तर याच घरांतल्या पणजोबांना केपटाउनच्या बंदरात काय सोसावं लागलं ते पाहावं. केप वसाहतीने १९०२ साली इमिग्रेशनवर निर्बंध घालणारा कायदा केला. उतरणाऱ्या माणसाला युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःच्या हाताने अर्ज लिहिता आला पाहिजे, ही त्यातली मेख. मराठी, उर्दू, गुजराती लिहिता येणारा माणूस या कायद्यापुढे निरक्षर ठरला. १९०६ च्या कायद्यात यिडिश ही युरोपीय भाषा म्हणून धरली गेली, त्यामुळे पूर्व युरोपातल्या ज्यूंची सोय झाली, आपली झाली नाही. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट आणली. आधीपासून केपमध्ये राहणाऱ्या आशियाई माणसाला गावी जाऊन यायचं तर निघण्यापूर्वी परवाना घ्यायचा. त्यावर फोटो आणि बोटांचे ठसे. ठरलेल्या मुदतीत परतला नाही तर इतक्या वर्षांचा हक्क बुडाला. आई आजारी पडली, पावसाळ्यात बोट चुकली, जमिनीचा वाद लांबला, यातलं कुठलंही कारण केपटाउनच्या अधिकाऱ्याच्या फाइलीत सहजासहजी बसत नसे. इतिहासकार आणि गांधीजींच्या पणती उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केपच्या अभिलेखागारातल्या या परवान्यांवर आणि त्यांवरच्या फोटोंवर तपशिलात लिहिलं आहे. दुकानात मदतनीस, फेरीवाले, मजूर अशी साधी माणसं त्या फायलींत भेटतात.

मग बायका-मुलांचा प्रश्न आला. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी भारतातून आलेल्या एका मुस्लिम पत्नीच्या प्रकरणात निकाल दिला. बहुपत्नीकत्वाची मुभा देणाऱ्या धर्मांच्या रीतीने झालेला विवाह तिथल्या कायद्याने विवाहच नव्हे, असा त्याचा अर्थ निघाला. एका फटक्यात दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या लेखी बायका उरल्या नाहीत. कस्तुरबांसह स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या त्याला हा निकाल मोठं निमित्त झाला. १९१४ च्या सवलत कायद्याने एक पत्नी आणि अज्ञान मुलं आणण्याची वाट मोकळी झाली. १९५३ साली तीही बंद केली गेली. केपटाउनच्या मुलाने कोकणातल्या मुलीशी लग्न करून तिला तिकडे न्यायचं हा रिवाज तिथे तुटला.

आपल्या बाजूनेही दार लोटलेलं होतं. भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि पुढे अनेक वर्षं भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून इतर देशांसाठी वैध असल्याचा शेरा असे. वंशभेदाविरुद्ध घेतलेली ती भूमिका योग्यच होती, पण तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत खाडीपट्ट्यातल्या म्हाताऱ्या आयाही होत्या. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९९३ मध्ये पुन्हा जुळले. आज डिसेंबरात दिसणारी गर्दी त्यानंतरची आहे.

आता कस्टम. या खात्याबद्दलची कुरकुर कोकणपट्टीला नवी नाही. खेडची जगबुडी नदी वाशिष्ठीला मिळते आणि ते पाणी दाभोळला समुद्रात जातं. त्याच दाभोळहून पंधराव्या शतकात, बहामनी काळात, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन परतीच्या गलबतात चढला. येताना तो चौलला उतरला होता. विकायला त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या सुभेदाराने तो ताब्यात घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही परत आणि वर हजार सोन्याची नाणी, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. निकितिनने आपल्या टिपणांत इथल्या जकातीबद्दल कपाळाला हात लावला आहे: मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे फार. इथल्या काही लोकांना माल बिनजकातीचा नेता येतो आणि आपल्याला नाही, हे त्याला सर्वांत टोचलेलं दिसतं. मूळ कुठलं यावर जकात ठरणं तेव्हाही होतं.

आजही ते आहे, फक्त आता पाहुण्याच्या बाजूने. २०१६ च्या बॅगेज नियमांत निव्वळ परदेशी पर्यटकाला पंधरा हजार रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त आणता येई, आणि भारतीय रहिवाशाला किंवा भारतीय वंशाच्या पर्यटकाला पन्नास हजारांपर्यंत. फेब्रुवारी २०२६ पासून नवे नियम आले आणि हे आकडे अनुक्रमे पंचवीस हजार आणि पंचाहत्तर हजार झाले. म्हणजे इमिग्रेशनने ज्याला परदेशी म्हणून शिक्का मारला तोच केपटाउनचा नातू पन्नास पावलं पुढे गेल्यावर कस्टमच्या दृष्टीने जवळपास घरचा होतो. अंगावरचे आणि वापरातले कपडे, रोजच्या वस्तू या हिशेबात धरत नाहीत. अठरा वर्षांवरील प्रवाशाचा एक लॅपटॉपही वेगळा. ही सवलत माणशी आहे, कुटुंबाची नव्हे. चौघांची रक्कम एकत्र करून तीन लाखांची एकच वस्तू करमुक्त आणता येत नाही. मर्यादेवरच्या किमतीवर शुल्क पडतं आणि त्याचा दर गेली अनेक वर्षं ३८.५ टक्के राहिला आहे.

दारू दोन लिटर आणि सिगारेटी शंभर, यापलीकडे करमुक्त नाही. सपाट टीव्हीला कुठलीच सवलत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना सरकारने ती काढून घेतली. त्याआधीच्या काळात कुवेत-दुबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या ट्रॉलीवर टीव्हीचं खोकं असायचं आणि मुंबई-गोवा रस्त्यावरच्या जीपच्या टपावरही. आता तोच टीव्ही खेडात विकत घेतलेला परवडतो. ई-सिगारेट आणि ड्रोन या दोन गोष्टी तरुण पाहुण्यांच्या बॅगेत हमखास सापडतात, आणि दोन्हींवर बंदी आहे. सॅटेलाइट फोन तर चुकूनही आणू नये. परवानगीविना तो सापडल्यावर परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे. नोटा पाच हजार डॉलरहून जास्त, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून दहा हजार डॉलरहून जास्त असतील तर विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. आणायला मनाई नाही, लपवायला आहे.

सगळ्यांत जास्त गाठी सोन्याशी पडतात. परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्या पुरुषाला वीस ग्रॅम आणि स्त्रीला चाळीस ग्रॅम दागिने करमुक्त, असं २०१६ चे नियम सांगत, पण वर किमतीची अट होती: पुरुषाला पन्नास हजार, स्त्रीला एक लाख. तेव्हा सोनं तोळ्याला तीस हजारांच्या घरात होतं, म्हणजे दोन तोळ्यांची सवलत तेव्हाच पुरी पडत नव्हती. २०२५ मध्ये भाव लाखापलीकडे गेला आणि पुरुषाच्या वाट्याला कागदोपत्री दोन तोळे, प्रत्यक्षात अर्धा तोळासुद्धा नाही, अशी गत झाली. अंगठी आणि साखळी घालून उतरलेला माणूस नियमाने तस्कर ठरावा, हा प्रकार न्यायालयांनाही खटकत होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी पर्यटकाने स्वतःच्या वापरासाठी आणलेले दागिने, जुने असोत वा नवे, व्यक्तिगत सामानात मोडतात असा निर्वाळा दिला होता. २०२६ च्या नियमांनी किमतीची अट काढून फक्त वजन ठेवलं. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

बिस्किटं, नाणी, लगडी या दागिन्यांत येत नाहीत. त्यांना करमुक्त सवलत शून्य. सहा महिने परदेशात राहिलेल्या भारतीय वंशाच्या प्रवाशाला एक किलोपर्यंत सोनं शुल्क भरून आणता येतं, पण त्यासाठी लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करायला हवं. हिरव्या मार्गिकेतून चालत जाणं म्हणजेच 'माझ्याकडे काही नाही' असं लेखी दिल्यासारखं धरतात. पुढे बॅग उघडली गेली तर 'मला माहीत नव्हतं' याला अर्थ राहत नाही. आणि एक सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ८० नुसार खरं जाहीर केलेली पण शुल्क भरण्याजोगी किंवा बंदीची वस्तू पावती घेऊन कस्टमकडेच ठेवता येते आणि परत जाताना सोबत नेता येते. लग्नापुरता जड हार आणलेल्या पाहुणीने शुल्काची रक्कम ऐकून रडकुंडीला येण्याऐवजी हे कलम तोंडपाठ करावं.

तिसरं टेबल मुंबईत नाही, खेडमध्येच आहे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की ज्याच्याकडे तो उतरला त्याने चोवीस तासांत कळवायचं. याला सगळे सी फॉर्म म्हणतात. हॉटेल, लॉज, होमस्टे यांना हे बंधनकारक आहे, आणि दापोलीच्या किनाऱ्यापासून खेडपर्यंत घरगुती होमस्टे वाढल्यापासून अनेक मालकांना आपण या कायद्यात येतो याचा पत्ताच नसतो. रुग्णालयांवर आणि शिक्षणसंस्थांवरही अशीच जबाबदारी आहे. नातेवाइकाकडे उतरलेल्या पाहुण्याचीही नोंद करण्याची सोय ऑनलाइन पोर्टलवर आहे. पोर्टल जमत नसेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स घेऊन ठाण्यात एकदा जाऊन यावं. मुक्काम एकशेऐंशी दिवसांहून जास्त होणार असेल तर परदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नाव घालावं लागतं. जिल्ह्यात हा अधिकारी म्हणजे रत्नागिरीचे पोलीस अधीक्षक.

कराचीच्या पाहुण्यांचं गणित निराळं आहे. फाळणीनंतर कोकणातली बरीच घरं मुंबई, केपटाउन आणि कराचीत विभागली गेली. पाकिस्तानी नागरिकाला ई-व्हिसा मिळत नाही. व्हिसा मिळाला तर तो नेमून दिलेल्या गावांपुरताच, आणि पोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत हजेरी. आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानी असतील तर पासपोर्ट ब्रिटिश असला तरी ई-व्हिसाचा रस्ता बंद. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले. बहिणीचा जनाजा व्हिडिओ कॉलवर पाहणारी माणसं या तालुक्यातही असणार, पण त्यावर कुठल्याही टेबलावर फॉर्म मिळत नाही.

या सगळ्या व्हिसाच्या फेऱ्यातून केपटाउनच्या नातवाला कायमची सुटका देणारा एक कागद आहे: ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. २००५ च्या कायदादुरुस्तीने ते आलं आणि जानेवारी २०१५ मध्ये जुनं पीआयओ कार्ड त्यात विलीन झालं. ओसीआयधारकाला आयुष्यभर व्हिसा लागत नाही, कितीही दिवस राहता येतं, पोलीस अधीक्षकांकडे नाव घालावं लागत नाही. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. आजोबांच्या सातबाऱ्यावर नाव लागणं आणि शेजारची वाडी विकत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाहुण्यांपेक्षा त्यांना जमीन दाखवत फिरणाऱ्या इथल्या एजंटांनी समजून घेतलेलं बरं. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, मिशनरी किंवा तबलीगचं काम, गिर्यारोहण यांसाठी ओसीआयधारकालाही वेगळी परवानगी लागते.

कार्ड मिळतं ते पणतवंडापर्यंत. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचा नागरिक असलेल्या, किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र असलेल्या माणसाचं मूल, नातवंड आणि पणतवंड. १९०५ साली बोटीत बसलेला पणजोबा इथे जन्मलेला होता एवढं सिद्ध झालं तरी तो त्या दिवशी पात्र ठरू शकतो. अडतं ते पुराव्यापाशी. ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यू रजिस्टर, शाळेचा दाखला, जुने सातबारे आणि फेरफार, मशिदीतल्या निकाहनाम्यांच्या वह्या, जुना पासपोर्ट यांतला एखादा कागद तरी लागतो. नावाचं स्पेलिंग केपटाउनला उतरताना तिथल्या कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे दोन देशांतली एकाच माणसाची नावं जुळत नाहीत. इथे केपचे ते परवाने कामी येऊ शकतात. माणसाला बाहेर ठेवण्यासाठी काढलेल्या त्या कागदावर नाव, फोटो आणि जिल्हा-गाव लिहिलेलं असतं, आणि केपटाउनच्या अभिलेखागारात ते अजून आहेत.

म्हणून खाडीपट्ट्यातल्या घरांना एकच विनंती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पत्रं, पासपोर्ट, शाळेचे दाखले, खरेदीखतं असतील तर या पावसाळ्याआधी ती खाली काढा, वाळवा आणि स्कॅन करून केपटाउनच्या नातेवाइकांना पाठवा. पणतवंडांच्या सज्ञान मुलांसाठी कायद्यात आज तरतूद नाही, त्यामुळे जे पात्र आहेत त्यांनी अर्ज पुढे ढकलू नये.